पुन्हा सांग

माझं काम शेजारी बसण्याचं आहे. पॉक्सोच्या, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, खटल्यात मुलीला एकटं पडू देऊ नये म्हणून कायद्याच्या नियमांत ‘सहाय्यक व्यक्ती’ची तरतूद आहे, विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी मी ते काम करते. मुलगी आधी आईला सांगते, नाहीतर मावशीला किंवा शाळेतल्या बाईंना. मग ठाण्यातल्या महिला पोलिसांना, मग सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना, मग दंडाधिकाऱ्यांसमोर जबाबात. खटला उभा राहिला की सरकारी वकील, न्यायाधीश, आणि शेवटी उलटतपासणीत आरोपीचा वकील. प्रत्येकाला ते पहिल्यापासून ऐकायचं असतं. मुलाला साक्षीसाठी वारंवार न्यायालयात बोलावू नये, असं पॉक्सोच्या कलम ३३ मध्ये लिहिलेलं आहे आणि अनेक न्यायाधीश ते मनापासून पाळतात. पण न्यायालयाची पायरी चढण्याआधीच तिचं कितीतरी वेळा सांगून झालेलं असतं.

नव्या सहाय्यकांच्या प्रशिक्षणात एका संध्याकाळी आम्ही ‘ऑन हर शोल्डर्स’ हा माहितीपट दाखवला. नादिया मुरादवरचा आहे, एवढंच मला माहीत होतं. ‘इस्लामिक स्टेट’च्या कैदेतून सुटलेली येझिदी मुलगी म्हटल्यावर मनाची जी तयारी करावी लागते ती मी केली होती. आलेल्या बायकांमध्ये काही अगदी तरुण होत्या. सोसवलं नाही तर उठून बाहेर या, कुणी काही म्हणणार नाही, असं त्यांना सांगून ठेवलं होतं. कुणालाच उठावं लागलं नाही. दिग्दर्शिका अलेक्झांड्रिया बॉम्बाक यांनी कैदेतले प्रसंग उभे करून दाखवलेले नाहीत. त्यांचा कॅमेरा सुटकेनंतरच्या नादियाबरोबर फिरतो: २०१६ चा उन्हाळा, बर्लिन, कॅनडा, ग्रीस, न्यूयॉर्क. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती आणि भेटेल त्या प्रत्येकाला आपल्या लोकांची हकिगत सांगत होती.

हकिगत थोडक्यात लिहिते, कारण ती ठाऊक असल्याशिवाय माहितीपटातलं काही कळत नाही. उत्तर इराकमध्ये सीरियाच्या सीमेलगत सिंजार नावाचा डोंगर आहे. तिथले लोक त्याला शिंगाल म्हणतात. येझिदी ही या भागातली जुनी, कुर्मांजी बोलणारी जमात. तिचा धर्म वेगळा, तिचं मुख्य देवस्थान लालिश इथं, आणि मोराच्या रूपातला देवदूत तौसी मेलेक तिला पूज्य. त्यावरून त्यांना सैतानाचे पूजक ठरवलं गेलं आणि ‘इस्लामिक स्टेट’ने त्यांच्या बायकांना लुटीचा माल मानलं. ३ ऑगस्ट २०१४ ला सिंजारवर हल्ला झाला. राखणीला असलेलं कुर्दी पेशमर्गा दल आधीच मागे निघून गेलं होतं. हजारो लोक डोंगरावर पळाले आणि ऑगस्टच्या उन्हात पाण्यावाचून अडकले. नादियाचं कोचो हे गाव डोंगरापासून दूर, दक्षिणेला. त्याला वेढा पडला. १५ ऑगस्टला सगळ्या गावाला शाळेत गोळा केलं, बायकामुलं वरच्या मजल्यावर, पुरुष खाली. पुरुषांना गाड्यांतून गावाबाहेर नेऊन गोळ्या घातल्या. नादियाचे सहा भाऊ त्या कत्तलीत गेले. वय झालेल्या बायकांना सोलाग इथं मारलं. त्यांत तिची आई होती. तरुण मुलींना मोसुलला नेऊन विकलं. नोव्हेंबरमध्ये एक दार उघडं राहिलं आणि ती निसटली. मोसुलमधल्या एका मुस्लिम कुटुंबाने तिला घरात घेतलं, आपल्या घरातल्या बाईचं ओळखपत्र दिलं आणि त्यांचा मुलगा तिला कुर्दिस्तानच्या हद्दीपर्यंत सोबत घेऊन गेला.

२०१४ चा तो उन्हाळा मला आठवतो तो दुसऱ्याच बातम्यांमुळे. मे महिन्यात कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या गटातून बगदादला गेले आणि तिथून ‘इस्लामिक स्टेट’ला जाऊन मिळाले. जूनमध्ये मोसुलला ३९ भारतीय मजूर पळवले गेले. ते मारले गेल्याचं आपल्या सरकारने २०१८ मध्ये जाहीर केलं. मराठी वर्तमानपत्रांत महिनोन् महिने याचंच चालू होतं आणि ते साहजिक होतं. येझिदींच्या वाट्याला डोंगरावरच्या गर्दीचं एखादं छायाचित्र आलं. एका गावाची शाळा, तिचे दोन मजले, हे मी फार नंतर वाचलं.

माहितीपटात नादिया काळ्या पार्श्वभूमीसमोर बसून थेट आपल्याकडे बघत बोलते. हे बोलणं अधूनमधून येत राहतं. पत्रकार तिला काय विचारतात ते ती सांगते: त्यांनी तुझ्याशी काय केलं, कसं केलं, तू कशी सुटलीस. आणि काय विचारायला हवं तेही सांगते. अजून कैदेत असलेल्या मुलींचं काय होणार? छावण्यांत पडलेल्या लोकांनी जायचं कुठे? हे करणाऱ्यांना न्यायालयात कोण उभं करणार? येझिदींना पुन्हा आपल्या गावात निर्धास्त राहता यावं म्हणून काय करायला हवं? हे ती न चिडता सांगते. कॅनडात रेडिओवरच्या मुलाखतीला ती बसते तेव्हा विचारणाऱ्या माणसाचा आवाज मऊ असतो, चेहऱ्यावर खरी कळकळ असते, आणि तरी प्रश्न तेच येतात.

माझ्या शेजारी बसलेल्या एका नव्या मुलीने वहीत हे सगळे प्रश्न दोन बाजूंना लिहून काढले. मी तिरक्या नजरेने बघत होते. ठाण्यात आणि न्यायालयात आम्ही जे ऐकतो ते सगळं एकाच बाजूला होतं.

इथे एक गोष्ट मला स्पष्ट लिहायची आहे. न्यायालयाला तपशील लागतो. कुठे, केव्हा, कुणी, काय, हे नेमकं सांगितल्याशिवाय आरोपीला शिक्षा होत नाही. आमच्या मुलींना ते सांगावंच लागतं आणि मी त्यांना त्यासाठी तयार करते. पण रेडिओ ऐकणाऱ्याला तो तपशील कशासाठी हवा असतो? संसद सदस्याला कशासाठी? ‘एवढं सोसलं आहे’ हे पटायला यातना इतक्या जवळून दाखवाव्या लागत असतील, तर उणीव ऐकणाऱ्यात आहे. हा माहितीपट बघताना मला संताप आला तो या ठिकाणी. समोर बसलेले लोक दुष्ट नव्हते, बहुतेक चांगलेच होते, म्हणून तो जास्त आला.

नादियाने पहिली मुलाखत दिली २०१५ च्या फेब्रुवारीत, विस्थापितांच्या छावणीत पत्र्याच्या कंटेनरमध्ये राहत असताना, एका बेल्जियन वर्तमानपत्राला. तेव्हा तिने नाव बदलून ‘बसिमा’ सांगितलं होतं. पुढे जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याने सुमारे ११०० येझिदी बायका-मुलांना उपचारांसाठी आपल्याकडे आणलं, त्यात ती होती. त्याच वर्षी १६ डिसेंबरला ती संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर स्वतःच्या नावाने आणि उघड्या चेहऱ्याने बोलली.

आपल्याकडे अशा मुलीचं नाव छापणं गुन्हा आहे. तो कायदा १९८३ चा, आणि तो ज्या खळबळीतून आला ती आमच्याच भागातली. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये पोलिसांना निर्दोष सोडलं, तेव्हा वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि उपेंद्र बक्षी या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, आंदोलन उभं राहिलं आणि कायदा बदलला. त्या मुलीचं नाव मात्र कायमचं खटल्याचं नाव होऊन बसलं. म्हणून नाव झाकण्याचा कायदा मला फार मोलाचा वाटतो. नादियाने आपलं नाव आणि चेहरा पुढे केला तो आपल्या लोकांसाठी, आणि त्याची किंमत काय असते ते या माहितीपटात फ्रेमगणिक दिसतं. तिला गावात स्वतःचं ब्यूटी पार्लर काढायचं होतं. चांगली शिवणारी, चांगली खेळाडू, चांगली विद्यार्थिनी, चांगली शेतकरी म्हणून लोकांनी आपल्याला ओळखावं, ‘इस्लामिक स्टेट’ची बळी म्हणून नको, असं ती त्या काळ्या पार्श्वभूमीसमोर बसून सांगते. हे ऐकताना आमच्या खोलीत पहिल्यांदा कुणाच्या तरी रडण्याचा आवाज आला.

माझं लक्ष मात्र पुन्हा पुन्हा मुराद इस्माईल यांच्याकडे जात होतं. सिंजार सोडून अमेरिकेत गेलेला हा येझिदी माणूस. हल्ल्यानंतर त्यांनी सोबत्यांना घेऊन ‘याझदा’ ही संस्था उभी केली. माहितीपटात ते नादियासोबत असतात. तिचं बोलणं इंग्रजीत सांगतात, भाषणं लिहायला मदत करतात, कुठे जायचं आणि कुठे नाही ते तिच्याशी बोलून ठरवतात. ती आपल्या आईबद्दल एकदा बोलते, मग तेच त्यांना आपल्या तोंडाने बोलावं लागतं. दिवसभर हे करून संध्याकाळी ते तिला जेवायला बोलावतात, चिडवतात, हसवतात. एका जागी त्यांचाही बांध फुटतो. आमच्या कामात शेजारी बसणाऱ्याचं काय होतं याबद्दल कुणी बोलत नाही आणि बोलावं असं मलाही वाटत नसे, कारण मुलीच्या दुःखापुढे आपलं कुठे काढायचं. मुराद यांना पाहिल्यावर प्रशिक्षणात यासाठी वेळ ठेवायचा असं आम्ही ठरवलं. अर्थात त्यांचं दुःख नुसतं शेजाऱ्याचं नाही, ते त्यांच्याच लोकांचं आहे. हा फरक मी विसरत नाही.

ग्रीसमधल्या छावणीचा भाग सगळ्यांत अवघड आहे. समुद्र ओलांडून आलेले येझिदी तिथे अडकलेले होते. नादिया येते तसे लोक तिला वेढतात. बायका तिच्या गळ्यात पडून हंबरडा फोडतात, पुरुष रडतात, आणि ती एकेकाची समजूत घालत पुढे जाते. कॅनडाच्या संसदेत भेटणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं आणि तिथेही तीच शांत उभी. ऐकणाऱ्याचं रडणं हेही सांगणाऱ्यालाच सांभाळावं लागतं. हे मी न्यायालयात पाहिलेलं आहे. बंद दाराआड साक्ष चालू होती, टंकलेखन करणाऱ्या बाईंना भरून आलं, त्या थांबल्या, आणि साक्ष देणारी मुलगी त्यांना म्हणाली, “रडू नका मॅडम, माझं झालंच आहे आता.” न्यायाधीशांनी दहा मिनिटं कामकाज थांबवलं. त्या दहा मिनिटांत मुलीने डब्यातली पोळी खाल्ली.

माहितीपट संयुक्त राष्ट्रांपर्यंत येऊन थांबतो. १६ सप्टेंबर २०१६ ला नादियाला मानवी तस्करीतून वाचलेल्यांच्या प्रतिष्ठेसाठी सदिच्छादूत नेमलं गेलं आणि त्याच दिवसांत ती महासभेच्या सभागृहात बोलली. नोबेल पुढचं, २०१८ चं, काँगोच्या डॉ. डेनिस मुकवेगे यांच्यासोबतचं.

प्रकाश आल्यावर पहिला प्रश्न एका निवृत्त शिक्षिकेने विचारला: “मग सांगून काही झालं का?” मला हा प्रश्न आवडला. आमच्या मुली आणि त्यांच्या आयाही हाच विचारतात. त्या संध्याकाळी मला पूर्ण उत्तर देता येईना, मग नंतर बसून वाचलं.

काही झालं. माहितीपटातल्या त्या भेटींनंतर, २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये, कॅनडाच्या संसदेने येझिदी मुलींना आश्रय देण्याचा ठराव एकमताने केला. २०१७ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव २३७९ करून पुरावे गोळा करायला स्वतंत्र तपास पथक नेमलं. २०१९ च्या मार्चमध्ये कोचोतली सामूहिक कबर उकरायला सुरुवात झाली तेव्हा नादिया तिथे होती. ओळख पटलेल्या १०४ जणांना २०२१ च्या फेब्रुवारीत त्याच गावात पुरलं. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला फ्रँकफर्टच्या न्यायालयाने ‘इस्लामिक स्टेट’च्या एका माणसाला वंशसंहारासाठी जन्मठेप दिली, येझिदींच्या बाबतीत वंशसंहाराची ती पहिली शिक्षा. फलुजामध्ये त्याने पाच वर्षांच्या येझिदी मुलीला उन्हात बांधून ठेवलं होतं आणि ती मेली. साक्ष दिली तिच्या आईने. तिलाही तो दिवस पुन्हा पुन्हा सांगावा लागला, उलटतपासणीला तोंड द्यावं लागलं. न्यायालयाला तपशील लागतो तो असा, आणि तिथे तो सांगितल्याचा निकाल लागला.

आणि पुष्कळ झालं नाही. पळवून नेलेल्या साडेसहा हजारांच्या आसपास माणसांपैकी अडीच हजारांहून अधिक अजून सापडलेली नाहीत. ते तपास पथक २०२४ च्या सप्टेंबरमध्ये बंद झालं. सिंजारचे असंख्य लोक अजून दुहोकच्या परिसरात तंबूंत आहेत. इराकने २०२१ मध्ये येझिदी बायकांसाठी कायदा केला, त्यात मासिक भत्ता आहे, जमीन आहे, शिक्षण आहे. पण भत्त्यासाठी आधी फौजदारी तक्रार करा आणि तपासाची कागदपत्रं आणा अशी अट अर्ज तपासणाऱ्या समितीने घातली आणि ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने २०२३ मध्ये तिच्यावर टीका केली. ही अट वाचून मी खुर्चीतून उठले. म्हणजे पुन्हा ठाणं, पुन्हा जबाब, पुन्हा एक अनोळखी माणूस, पहिल्यापासून सांग म्हणणारा. मुलाखती घेणाऱ्या, पुरावे जमवणाऱ्या इतक्या लोकांसमोर बोलून झाल्यावर!

एका बाबतीत येझिदी समाजाकडून शिकण्यासारखं आहे आणि ते मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते. परत आलेल्या मुलींना बाटलेल्या मानायची रूढी असलेला हा समाज. त्यांचे धर्मगुरू बाबा शेख खुर्तो हाजी इस्माईल वृद्ध होते. त्यांनी जाहीर केलं की या आपल्याच मुली आहेत, त्यांना मानाने घरात घ्या. मुली लालिशला येऊ लागल्या आणि तिथल्या झऱ्याच्या पाण्याने त्यांचा विधी होऊ लागला. आमच्याकडे खटला चालू असतानाच मुलीची शाळा सुटते, तिला मामाच्या गावी धाडतात, बारावीच्या आत लग्न ठरवतात. ‘तिचं चुकलं नाही’ हे गावात उभं राहून सांगणारा सरपंच मिळाला की आम्हाला सण वाटतो. मात्र कैदेत जन्मलेल्या मुलांना लालिशची दारं उघडली नाहीत. २०१९ मध्ये ती उघडतील असं वाटलं होतं, पण येझिदींच्या धर्ममंडळाने लगेच तसं नसल्याचा खुलासा केला. मूल किंवा माहेर, दोहोंतलं एकच. हे मला मान्य होत नाही. त्या आयांनी आणखी काय सोसायचं?

या विषयावर आणखीही माहितीपट झाले आहेत, त्यांतल्या दोनांचा उल्लेख करते. ‘सबाया’ २०२१ चा, सीरियातल्या अल-होल छावणीतून येझिदी बायकांना सोडवण्याबद्दल. त्याला सनडान्स महोत्सवात दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. मग त्यात दिसणाऱ्या काही बायकांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला सांगितलं की आम्ही चित्रित व्हायला होकार दिलाच नव्हता. ज्यांच्या शरीराबाबत कुणी विचारलं नाही, त्यांच्या चेहऱ्याबाबतही विचारलं नाही असं त्या म्हणत असतील, तर पारितोषिक कितीही मोठं असो, मला तो माहितीपट प्रशिक्षणात दाखवायचा नाही. ‘मेडिहा’ २०२३ चा. त्यात दिग्दर्शक हसन ओस्वाल्ड यांनी कॅमेराच त्या किशोरवयीन येझिदी मुलीच्या हाती दिला. किती सांगायचं, कुठे थांबायचं, धाकट्या भावांबरोबरचं खेळणं किती दाखवायचं, हे बरंचसं तिच्या हातात. तिच्याकडे पाहताना मुलगी आधी दिसते. हा मी आमच्या पुढच्या तुकडीला दाखवला आणि दाखवत राहणार आहे.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बातमी आली: सिंजारमधून अकरा वर्षांची असताना पळवून नेलेली येझिदी मुलगी एकवीस वर्षांची होऊन गाझातून सुटली. आमच्या व्हॉट्सॲप गटावर ती बातमी कुणीतरी टाकली. खाली बराच वेळ हात जोडलेली चिन्हं येत राहिली. मग प्रश्नांची ती वही भरणाऱ्या मुलीने विचारलं, “तिच्या घरचे कोण कोण आहेत? ते छावणीत आहेत की गावी गेलेत? शाळा सुटलेल्या अशा मुलींना पुढे शिकायची काही सोय आहे का तिकडे?” पहिल्या प्रश्नाचं उत्तर बातमीत सापडलं, तिची आई तिला भेटली होती. बाकीच्या दोन प्रश्नांसाठी मी ‘याझदा’ला पत्र लिहिलं.